माधवराव सप्रे : १९०७ ची फूट आणि एका भाषांतरकाराचे जीवन

१

मातृभाषा मराठी असूनही दुसऱ्या भारतीय भाषेच्या गद्याची घडण ज्यांनी आपले जीवितकार्य मानले, अशा लेखकांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होते. बंगालीत सखाराम गणेश देउस्कर, हिंदीत बाबूराव विष्णू पराडकर आणि लक्ष्मण नारायण गर्दे ही त्या परंपरेतील सर्वपरिचित नावे होत. माधवराव सप्रे ह्यांचे स्थान हिंदीपुरते पाहिले तर ह्या मालिकेच्या आरंभीच येते. तथापि त्यांच्या चरित्राची ओळख बहुधा दोन टोकांनी करून दिली जाते. एका टोकाला १९०१ साली प्रसिद्ध झालेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा असते, दुसऱ्या टोकाला लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद असतो. ह्या दोहोंच्या मधला काळ, विशेषतः १९०७ व १९०८ ही दोन वर्षे, घाईने ओलांडून जाण्याची प्रथा आहे. त्याचे कारण उघड आहे. त्या काळात सप्रे ज्या पक्षाचे होते तो पक्ष हरला, आणि त्यानंतर खुद्द सप्रे ह्यांच्या हातून अशी एक गोष्ट घडली की जिचा उच्चार करणे त्यांच्या चाहत्यांना अवघड वाटावे.

वस्तुतः ह्या दोन वर्षांकडे पाठ फिरवून त्यांच्या वाङ्मयाचा अर्थ लागत नाही. राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष कोणी व्हावे ह्या प्रश्नावर १९०७ साली मध्यप्रांतात जी फूट पडली ती केवळ राजकीय मतभेदाची नव्हती. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजाची परंपरा ह्यांचा परस्परांशी काय संबंध असावा, हा जुना वाद त्या फुटीच्या तळाशी होता. तो वाद दोन पक्षांच्या मधून जात होता त्याप्रमाणेच प्रत्येक पक्षाच्या आतूनही जात होता. आणि सप्रे ह्यांच्यासारख्या माणसाच्या तर अंतःकरणातूनच जात होता.

२

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आताच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यातल्या पथरिया ह्या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. बालपणीच कुटुंब बिलासपूरला आले आणि तेथे त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढील शिक्षणासाठी ते रायपूरच्या शासकीय विद्यालयात दाखल झाले आणि १८९० च्या सुमारास प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशी भ्रमंती करीत, मध्ये आजारपणाचे आणि अर्थचिंतेचे खंड सोशीत, त्यांनी शतक संपता संपता कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळविली.

त्या काळचे रायपूर मराठी माणसास परके नव्हते. नागपूरकर भोसल्यांच्या अंमलामुळे छत्तीसगढात अठराव्या शतकापासूनच मराठी कुटुंबे येऊन राहिली होती. बिंबाजी भोसले ह्यांनी रतनपूर येथे वास्तव्य केले होते. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, कारभार बदलला, तरी कचेरीत, वकिलीत आणि शाळेत मराठी माणसे राहिलीच. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि वरिष्ठांशी इंग्रजी, असा त्यांचा चौपेडी भाषाव्यवहार असे. सप्रे ह्यांची हिंदी ह्याच वातावरणात घडली. ती त्यांनी केवळ पुस्तकांतून मिळविली नव्हती. लहानपणापासून तिच्यात ते वावरले होते.

पदवीधरास सरकारी नोकरी सहज मिळावी असे ते दिवस होते. सप्रे ह्यांनी ती वाट टाळली. बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा ह्या जमीनदारीत राजकुमारांच्या शिक्षकाचे काम त्यांनी पत्करले, आणि त्या वेतनातून शिल्लक टाकून जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते. प्रकाशनाची जबाबदारी रायपूरचे वामन बळीराम लाखे ह्यांनी घेतली होती. मासिकाचे संपादन पेंड्र्यात होई, छपाई आरंभी रायपूरला आणि पुढे नागपूरला. पेंड्रा हे डोंगरी मुलखातले आडवळणाचे ठाणे. तेथून मासिक चालवायचे म्हणजे मजकुराची टपाल, मुद्रितांची ये-जा आणि वर्गणीची वसुली ह्या तिन्हींशी दरमहा झगडा होता. तीन वर्षे तो झगडा चालला आणि १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले.

हिंदीच्या इतिहासात 'छत्तीसगढ मित्रा'चे महत्त्व दोन कारणांनी आहे. ग्रंथपरीक्षण ही स्तुतिपर पोच नसून गुणदोषविवेचनाची शिस्त आहे, ही जाणीव ह्या मासिकाने हिंदी वाचकांत रुजविली. श्रीधर पाठकांसारख्या मान्यवर कवींच्या कृतींचीही तेथे चिकित्सा झाली. दुसरे कारण म्हणजे 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटीशी कथा. एका जमीनदारास आपल्या वाड्याचे आवार वाढविण्यासाठी शेजारच्या विधवेची झोपडी हवी असते. न्यायालयाच्या बळावर तो ती मिळवितो. चुलीसाठी टोपलीभर माती नेण्याची परवानगी ती बाई मागते, टोपली डोक्यावर देण्यास त्यालाच हात लावावयास सांगते, आणि ती टोपली त्याला उचलत नाही. टोपलीभर मातीचा भार सोसवत नाही तर साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा सोसणार, हा बोध त्याला होतो. हिंदीतील पहिली मौलिक कथा कोणती ह्या वादात ह्या कथेचा हक्क अनेक अभ्यासकांनी सांगितला आहे. त्या वादाचा निकाल काहीही लागो. कायद्याने मिळालेला हक्क आणि न्याय ह्यांतील अंतर सप्रे ह्यांच्या लेखनात आरंभापासून आहे, एवढे त्या कथेवरून निश्चित होते.

मासिक थांबल्यावर ते नागपूरला 'देशसेवक' मुद्रणालयाच्या कामात आले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हाती घेतलेल्या वैज्ञानिक परिभाषेच्या कोशात अर्थशास्त्राच्या शब्दावलीचे काम त्यांच्याकडे होते. १९०५ साली नागपुरात त्यांनी हिंदी ग्रंथ प्रकाशक मंडळी स्थापन केली आणि १९०६ पासून 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. मराठीत प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकरांनी कोल्हापुरात चालविलेल्या 'ग्रंथमाले'शी हिचे साम्य सहज लक्षात येते. हप्त्याहप्त्याने पुस्तके छापावयाची, आणि वाचकाला वर्गणीच्या बळावर एक छोटे ग्रंथालय घडवून द्यावयाचे, अशी ही योजना होती.

ह्या ग्रंथमालेतील दोन प्रकाशने शेजारी ठेवली म्हणजे सप्रे ह्यांच्या मनाची रचना ध्यानी येते. एक म्हणजे १९०६ मधील 'स्वदेशी आंदोलन और बायकाट' हे पुस्तक. 'केसरी'तील टिळकांच्या लेखांच्या आधारे ते सिद्ध झाले होते, आणि पुढे सरकारने ते जप्त केले. दुसरे, जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविषयक निबंधाचा महावीरप्रसाद द्विवेदी ह्यांनी केलेला 'स्वाधीनता' हा अनुवाद. तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्यात राष्ट्राने परकीय सत्तेशी कसे वागावे हा प्रश्न होता. दुसऱ्यात समाजाने, मग तो स्वकीयांचा असला तरी, एकट्या माणसाच्या मतावर आणि आचरणावर कोठवर अधिकार सांगावा हा प्रश्न होता. महाराष्ट्रात हे दोन प्रश्न टिळक आणि आगरकर ह्यांच्या नावांनी दोन दिशांना गेले होते. नागपुरात एकाच प्रकाशकाने ते एकाच मालेत ओवले.

३

१९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्याला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन दादाभाई नौरोजी ह्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. टिळकांना अध्यक्ष करावे ही जहालांची इच्छा होती. वयोवृद्ध दादाभाईंचे नाव पुढे आणून नेमस्तांनी ती वेळ टाळली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ह्यांविषयीचे ठराव मात्र संमत झाले. पुढील अधिवेशन नागपूरला भरावयाचे ठरले, आणि अध्यक्षाच्या निवडीसाठी एक नियम झाला. स्वागत समितीने तीन चतुर्थांश बहुमताने अध्यक्ष निवडावा. तसे बहुमत न झाल्यास निवड मध्यवर्ती स्थायी समितीने करावी. नियम साधा दिसला तरी त्याच्या पोटात पुढील सारा अनर्थ होता. साध्या बहुमताच्या बळावर कोणताही पक्ष अध्यक्ष आणू शकत नव्हता. पण एक चतुर्थांशाहून थोडी अधिक मते हाती असलेला पक्ष दुसऱ्याला अडवू शकत होता.

फुटीची चाहूल रायपुरात आधीच लागली. १९०७ च्या वसंतात मध्यप्रांत-वऱ्हाडची प्रांतिक परिषद रायपूर येथे भरली. स्वागताध्यक्ष डॉ. हरिसिंग गौर होते. अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे जहाल मंडळींचे अग्रणी म्हणून आले होते. परिषदेचा आरंभ 'वंदे मातरम्'ने करावा, असा खापर्डे-पक्षाचा आग्रह होता. नेमस्तांना तो नको होता. एका गीतावरून रायपूरच्या सुशिक्षितांत दोन तट पडले, आणि छत्तीसगढातील सार्वजनिक जीवनाने पक्षभेद प्रथमच उघड्या सभेत पाहिला.

ह्या दोन तटांना पुरोगामी आणि प्रतिगामी अशी नावे देण्याचा मोह होतो. परंतु ती नावे येथे बसत नाहीत. रायपुरात नेमस्त ठरलेल्या गौरांनीच पुढे केंद्रीय विधिमंडळात नागरी विवाहाच्या कायद्याची सुधारणा १९२३ साली संमत करवून घेतली. धर्म न सोडता जातीबाहेर विवाह करण्याची वाट त्यामुळे हिंदूंना मोकळी झाली. व्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने ही त्या काळची मोठी पायरी होय. उलट, सरकारविरुद्ध सर्वांत धीट असलेला पक्ष ज्यांना आपले नेते मानीत होता त्या टिळकांनी १८९१ साली संमतिवयाच्या विधेयकास कडवा विरोध केला होता. परक्या सरकारने समाजाच्या अंतर्गत आचारात हात घालू नये ही त्यांची भूमिका होती. तेव्हा जो राजकारणात जहाल तो समाजकारणात बहुधा सनातन, आणि जो समाजकारणात स्वातंत्र्यवादी तो राजकारणात बहुधा नेमस्त, असा तिरपा छेद त्या पिढीत होता. सप्रे ह्या छेदाच्या नेमक्या मध्यावर उभे होते. राजकारणात ते निःसंशय टिळकपक्षीय होते. मिलचा ग्रंथ हिंदीत आणणारेही तेच होते.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपूरहून त्यांनी 'हिंदी केसरी' साप्ताहिक सुरू केले. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे प्रभृती नागपूरच्या जहाल मंडळींचा त्यास पाठिंबा होता. पुण्याच्या 'केसरी'तील लेखांचे हिंदी रूप देणे हा पत्राचा मुख्य हेतू होता. त्यामुळे टिळकांचा विचार मराठी न जाणणाऱ्या उत्तरेकडील वाचकांपर्यंत आठवड्याच्या अंतराने पोहोचू लागला. हे पत्र निघाले तेच अध्यक्षाच्या निवडीचा वाद पेटत असताना.

नागपुरात नेमस्तांच्या बाजूस गंगाधरराव चिटणवीसांसारखे प्रतिष्ठित गृहस्थ होते. तरुण वर्ग आणि वृत्तपत्रे मुंज्यांच्या बाजूस होती. स्वागत समितीत सभासद भरती करण्याची चढाओढ लागली. जहालांना टिळक हवे होते. तथापि तीन चतुर्थांशांचा आकडा त्यांना गाठता येईना, आणि नेमस्तांना तर त्याहूनही दूर राहावे लागे. सप्टेंबरातील समितीची सभा गोंधळात संपली. नोव्हेंबरात मुंबईस वरिष्ठ मंडळींनी अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेस नेण्याचा निर्णय घेतला. मतदानात मिळालेली आघाडी नियमाने निष्फळ झाली आणि नंतर स्थानच गेले, असा हा नागपूरच्या जहालांचा दुहेरी पराभव होता. डिसेंबरात सुरतेस रासबिहारी घोष ह्यांच्या अध्यक्षपदाचा प्रस्ताव आला, टिळक तहकुबीची सूचना मांडण्यास उभे राहिले, आणि मंडपात जोडा फेकला जाऊन खुर्च्यांचा व काठ्यांचा जो प्रकार झाला तो सर्वश्रुत आहे. १९०८ च्या एप्रिलात अलाहाबादेस नेमस्तांनी सभेची घटना तयार केली; सनदशीर मार्गाचे ध्येयवाक्य मान्य करणाऱ्यासच प्रवेश राहिला. जहाल बाहेर पडले ते १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत.

पराभूत पक्षाच्या अंगी एक विशिष्ट कठोरपणा येतो. बाहेरचा प्रतिपक्ष आवाक्याबाहेर गेला की निष्ठेची परीक्षा आपल्याच माणसांची घेतली जाते. सुरतेनंतरच्या वर्षात जहाल वर्तुळांत धैर्य हा एकच गुण मोजला जाऊ लागला, आणि तुरुंग हे त्याचे माप झाले. सप्रे ह्या मापाने मोजले जाणार होते.

४

१९०८ च्या जूनमध्ये वृत्तपत्रांविरुद्ध नवा कायदा झाला. त्याच महिन्यात टिळकांस अटक झाली, आणि जुलैत सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन पुढे त्यांची रवानगी मंडालेस झाली. २२ ऑगस्टला नागपुरात राजद्रोहाच्या कलमाखाली सप्रे पकडले गेले. 'देशसेवका'चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर हेही त्याच सुमारास पकडले गेले.

सप्रे ह्यांची प्रकृती मुळातच नाजूक होती. तुरुंगात ती आणखी ढासळली. परंतु त्यांच्या निर्णयाचे कारण प्रकृती हे नव्हते. त्यांच्या चरित्रकारांनी जो वृत्तांत दिला आहे त्याप्रमाणे थोरल्या बंधूंनी त्यांना निर्वाणीचा निरोप दिला. क्षमापत्रावर सही करून माधवराव सुटले नाहीत तर आपण जिवाचे बरेवाईट करून घेऊ, असा त्याचा आशय होता. ज्या बंधूंनी वडिलांच्या जागी राहून सांभाळले, शिकविले, त्यांचा हा शब्द होता. काही दिवसांच्या घालमेलीनंतर सप्रे ह्यांनी सही केली आणि वर्षअखेरीपूर्वी ते मुक्त झाले. कोल्हटकरांनी कारावास भोगला.

ह्या प्रसंगाचा न्याय करताना दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. मिलच्या निबंधाचा सारा रोख, समाजाने किंवा आप्तांनी लादलेल्या इच्छेपुढे व्यक्तीने आपला विवेक गहाण टाकू नये ह्याकडे आहे. तो निबंध छापणाऱ्या प्रकाशकास कुटुंबधर्मापुढे आपला विवेक बाजूस ठेवावा लागला. परंपरेने ज्येष्ठ बंधूस दिलेला अधिकार त्यांनी मानला. तो मानताना आपल्या राजकीय प्रतिज्ञेचा भंग होत आहे हेही त्यांना पुरते ठाऊक होते. हा स्वातंत्र्य आणि परंपरा ह्यांमधील वाद व्याख्यानातला नव्हता. त्याची किंमत रोख द्यावी लागणार होती.

दुसरी गोष्ट अशी की ही किंमत त्यांच्याच पक्षाने वसूल केली. प्रतिपक्षाने फारसे काही म्हटले नाही. ज्यांच्यासाठी पत्र काढले होते त्यांनीच पाठ फिरविली. पत्र हातातून गेले, ग्रंथमाला बंद झाली. सप्रे ह्यांनी मात्र स्वतःच्या समर्थनार्थ वाद मांडला नाही. बंधूंचे नाव पुढे करून आपला बचाव करणे त्यांना सहज शक्य होते. तसे त्यांनी केले नाही. सार्वजनिक जीवनातून ते उठून गेले.

५

वर्ध्याजवळच्या हनुमानगढी येथे श्रीधर विष्णू परांजपे ह्या रामदासी सत्पुरुषांच्या सान्निध्यात ते काही काळ राहिले. माधुकरी मागून निर्वाह, नेमाने उपासना आणि 'दासबोधा'ची पुन्हा पुन्हा पारायणे असा तो काळ गेला. नंतर ते रायपूरला परतले आणि अखेरपर्यंत रायपूर हेच त्यांचे ठिकाण राहिले. तेथे त्यांनी रामदासी मठ स्थापन केला.

राजकीय पराभवानंतर धर्माच्या आश्रयाला जाणे ही त्या पिढीतील अपरिचित घटना नव्हती. अलिपूर खटल्यातून सुटल्यावर अरविंद घोष १९१० साली पाँडिचेरीस गेले आणि राजकारणात परतले नाहीत. सप्रे ह्यांची गत निराळी झाली. त्यांचा आश्रय हा भाषांतराचा होता, आणि भाषांतर हे स्वभावतःच दुसऱ्यासाठी करावयाचे काम आहे. 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणला. ह्या निवडीत केवळ भक्ती नव्हती. प्रपंच नेटका करून परमार्थ साधावा, प्रयत्नास देव मानावे, सावधपणे समुदाय जोडावा, ही रामदासांची शिकवण मराठी वाचकास परिचयाची. हिंदी प्रदेशातील संतसाहित्याच्या वाचकास मात्र तिच्यातील व्यवहाराचा आणि संघटनेचा सूर नवा होता. सप्रे ह्यांनी ओवीचे हिंदी गद्य केले. त्या गद्याला तात्पर्य सांगण्याची घाई नाही. वाक्ये आटोपशीर आहेत, आणि मराठी शब्द जेथे हिंदीतही संस्कृताधारे समजेल तेथे तो तसाच राहू दिला आहे.

त्याच वर्षांत रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा निघाली. तीत सप्रे ह्यांचा पुढाकार होता. रामदासी दीक्षा घेतलेल्या, मठात राहणाऱ्या माणसाने मुलींच्या शिक्षणासाठी घरोघर फिरावे, हे त्यांच्या चाहत्यांतील काही सनातन मंडळींस चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. पण सप्रे ह्यांच्या दृष्टीने त्यात विसंगती नव्हती. परंपरा ही त्यांना आधार म्हणून हवी होती. कुंपण म्हणून तिचा उपयोग त्यांनी केला नाही.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटले आणि १९१५ साली 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. त्याच्या हिंदी अनुवादाचे काम टिळकांनी सप्रे ह्यांच्याकडे सोपविले. ह्या घटनेचे महत्त्व वाङ्मयीन तर आहेच, त्यापलीकडेही आहे. १९०८ साली एकाच कायद्याच्या वरवंट्याखाली दोघे आले होते. एकाने शिक्षा भोगली होती, दुसऱ्याने क्षमापत्र लिहिले होते. ज्या पक्षाने सप्रे ह्यांना दूर लोटले त्या पक्षाच्या सर्वश्रेष्ठ नेत्याने आपला सर्वांत मोठा ग्रंथ त्यांच्या हाती दिला. मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने लिहिलेला हा ग्रंथ सप्रे ह्यांच्या लेखणीतून हिंदीत उतरला आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. हिंदी भाषकांच्या अनेक पिढ्यांनी टिळकांचा कर्मयोग वाचला तो सप्रे ह्यांच्या शब्दांत.

अनुवाद म्हणून ह्या ग्रंथाचा विचार केला तर सप्रे ह्यांची अडचण आणि तिचा उलगडा दोन्ही लक्षात घेण्याजोगी आहेत. टिळकांचे गद्य युक्तिवादाचे आहे. एकेका वाक्यात पूर्वपक्ष, त्याचे खंडन आणि प्रमाण ह्यांची गुंफण असते. मूळ ग्रंथात मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन ह्यांच्या नीतिविचाराची गीतेशी तुलना आहे. त्यासाठी लागणारी परिभाषा हिंदीत तयार नव्हती. सप्रे ह्यांनी ती काही अंशी मराठीतून आणली, काही संस्कृतातून बनविली; अर्थशास्त्राच्या कोशाचा अनुभव येथे उपयोगी पडला असणार. मिलचा स्वातंत्र्यविचार ज्यांनी हिंदीत पूर्वी प्रकाशित केला होता त्यांनाच, मिलच्या उपयुक्ततावादाचे टिळकांनी केलेले खंडन हिंदीत लिहावे लागले. दोन्ही बाजू त्यांनी सारख्याच निष्ठेने वाचकांपुढे ठेवल्या आहेत. ह्यानंतर चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा त्यांचा अनुवाद 'महाभारत मीमांसा' ह्या नावाने १९२० साली निघाला.

६

सार्वजनिक जीवनात ते परतले ते हळूहळू आणि पडद्यामागे राहून. टोपण नावांनी लिहिणे, तरुणांना उभे करणे, संस्था काढून दुसऱ्यांच्या स्वाधीन करणे ही त्यांची पद्धत झाली. जबलपूरहून १९२० च्या जानेवारीत 'कर्मवीर' निघाले तेव्हा त्याच्या उभारणीत सप्रे ह्यांचा हात होता. संपादक म्हणून माखनलाल चतुर्वेदी पुढे आले. असहकाराच्या काळात, १९२१ साली, रायपुरात राष्ट्रीय विद्यालय निघाले. 'छत्तीसगढ मित्रा'चे जुने सोबती वामनराव लाखे ह्या कार्यात अग्रभागी होते. १९२४ साली डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्रे ह्यांना मिळाले. १९०७ साली ज्या अध्यक्षपदाच्या वादात त्यांचा पक्ष विदीर्ण झाला त्याच्याशी ह्या सन्मानाची तुलना होऊ शकत नाही. तरीही, मराठी घरात जन्मलेल्या आणि सोळा वर्षांपूर्वी सार्वजनिक रीत्या अवमानित झालेल्या लेखकास हिंदी समाजाने हा मान एकमुखाने दिला, ह्याची नोंद घेणे प्राप्त आहे.

ह्या दरम्यान जुन्या टिळकपक्षाची पुन्हा दोन शकले होत होती. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. असहकार आणि विधिमंडळावरील बहिष्कार ह्यांविषयी खापर्डे-मुंजे प्रभृतींचे गांधींशी जुळले नाही. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांतात स्वराज्य पक्षास बहुमत मिळाले व त्याने द्विदल राज्यपद्धती खिळखिळी केली. पण १९२५ च्या ऑक्टोबरात त्याच पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे ह्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील पद स्वीकारले आणि पक्ष फुटला. प्रतियोगी सहकारितेचा नवा गट जयकर, केळकर, मुंजे ह्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. मुंजे पुढे हिंदु महासभेचे अध्यक्ष झाले. वामनराव लाखे ह्यांच्यासारखे रायपूरकर राष्ट्रीय सभेतच राहिले. १९०७ च्या पराभवाने जी माणसे एकत्र बांधली होती त्यांच्यातील मूळचे अंतर आता विजयानंतर उघडे पडले. काहींना स्वराज्य हवे होते ते प्रामुख्याने समाजाची धारणा टिकावी म्हणून, काहींना ते व्यक्तीच्या मुक्ततेसाठी हवे होते. सरकार हा समान शत्रू असेपर्यंत हा भेद झाकलेला होता.

सप्रे ह्या नव्या फुटीत कोणत्याही गटाचे पुढारी नव्हते. प्रकृती खालावत चालली होती. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न वर्षेही पूर्ण नव्हते.

७

रायपुरात त्यांच्या नावाचे विद्यालय आहे. भोपाळमध्ये १९८४ साली स्थापन झालेले वृत्तपत्रांचे संग्रहालय त्यांच्याच नावाने चालते, आणि जुन्या नियतकालिकांच्या अभ्यासकास तेथे गेल्यावाचून गत्यंतर नाही. स्मारके अशी आहेत. मूल्यमापन मात्र अजून अपुरे आहे. मराठी वाङ्मयेतिहासात त्यांना जागा नाही, कारण त्यांनी हिंदीत लिहिले. हिंदी वाङ्मयेतिहासात त्यांचा उल्लेख होतो तो एका कथेपुरता आणि एका अनुवादापुरता. दोन भाषांच्या सीमेवर काम करणाऱ्या लेखकाची ही नेहमीची उपेक्षा होय.

त्यांच्या चरित्रातून भारतीय साहित्याच्या अभ्यासकास एक गोष्ट घेता येण्यासारखी आहे. विचारांच्या इतिहासात स्वातंत्र्यवादी आणि परंपरावादी अशी दोन दालने पाडणे सोयीचे असते, आणि पक्ष हरले की ही दालने अधिकच पक्की होतात. प्रत्येक जण पराभवाचे खापर दुसऱ्या दालनावर फोडतो. सप्रे ह्यांना कोणत्याही एका दालनात ठेवले तर त्यांच्या ग्रंथसूचीतील अर्धी पुस्तके बाहेर राहतात. मिल बाहेर राहील किंवा रामदास. मुलींची पाठशाळा बाहेर राहील किंवा मठ. त्यांनी ह्या दोहोंचा सैद्धांतिक समन्वय केला असा दावा करता येत नाही. तसे शास्त्र त्यांनी लिहिलेले नाही. दोन्हींकडील ग्रंथ त्यांनी हिंदी वाचकाच्या हाती दिले, आणि निवाडा त्याच्यावर सोपविला. आपल्या पक्षाकडून जे औदार्य त्यांना १९०८ साली मिळाले नाही ते त्यांनी आपल्या वाचकास दिले. हिंदी गद्याला त्यांच्यापासून मिळालेल्या देणग्यांत ह्याही देणगीची गणना व्हावयास हवी.